पाय टेकला की एक

हवा पालटली की माझ्या उजव्या मनगटात अजून बारीकशी कळ येते. ती इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षातली आहे. हॉस्टेलच्या मेससमोर चार पायऱ्या होत्या आणि त्या सायकलवरून उड्या मारत चढायच्या असं मी ठरवलं होतं. सायकल रूममेटची. गिअरवाली, पुढे स्वस्तातला शॉक लावलेली, उचलायला जाम जड. पहिल्या पायरीवर पुढचं चाक चढलं. मागचं आलं नाही. पुढचं काय झालं ते मला एक्स-रे पाहिल्यावर नीट कळलं. आईला फोनवर सांगितलं, पायऱ्यांवर पडलो. तांत्रिकदृष्ट्या ते खोटं नव्हतं.

जिओ नुकतं आलं होतं तेव्हाची ही गोष्ट. डेटा फुकट होता आणि अख्खं हॉस्टेल रात्र रात्र यूट्यूबवर पडीक असायचं. अशाच एका रात्री डॅनी मॅकॅस्किलचा तो व्हिडिओ समोर आला. एप्रिल २००९चा, साडेपाच मिनिटांचा. एडिंबरा शहर, ढगाळ उजेड, आणि सायकलच्या दुकानात मेकॅनिकचं काम करणारा विशीतला एक पोरगा. लोखंडी गजांच्या कुंपणावर, जिथे गजांची टोकं भाल्यासारखी वर आलेली आहेत तिथे, तो सायकल चढवतो आणि त्या टोकांवरून चालवत नेतो. झाडाच्या बुंध्यावर चाकं लावून हवेतच उलटा फिरून परत येतो. चित्रण त्याचा मित्र डेव्ह सॉवर्बीने केलेलं. हा व्हिडिओ पुढे कोट्यवधी लोकांनी पाहिला, त्यातले निदान दोनेकशे वेळा तरी माझे.

मात्र दर वेळी मी सुरुवातीची काही सेकंदं पुढे ढकलायचो. तिथे काही ‘होत’ नाही. तिथे डॅनी त्याच कुंपणावर चढायला जातो आणि पडतो.

मनगट प्लास्टरमध्ये असताना करण्यासारखं फारसं काही नव्हतं, म्हणून या खेळाबद्दल मिळेल ते वाचत गेलो, आणि ती सवय राहिली. खेळाचं नाव ट्रायल्स. सायकल असो की मोटारसायकल, पाय जमिनीला न लावता अडथळे पार करायचे एवढीच गोष्ट. सायकलवाल्यांमध्ये त्याचे दोन पंथ आहेत. दगड, ओढे, ओंडके यांवर चालवणारे ‘नॅचरल’वाले, आणि पायऱ्या, कठडे, भिंती यांवर चालवणारे ‘स्ट्रीट’वाले. दोघांच्या सायकली वेगळ्या, चाकांचे आकार वेगळे, कपडेसुद्धा वेगळे. नवखा माणूस विचारतो, मी कुठली सायकल घेऊ? उत्तर येतं, तू कुठे चालवणार? मला हे उत्तर कायम अपुरं वाटत आलंय. फरक जागेचा आहे तसा, पण त्याच्या मुळाशी दुसराच एक फरक आहे, आणि माझं मनगट त्याच फरकापायी मोडलं.

ट्रायल म्हणजे चाचणी. सुरुवातीला ही चाचणी यंत्राची होती. विसाव्या शतकाच्या आरंभी मोटारसायकल ही फारशी भरवशाची वस्तू नव्हती. चढावर दम तोडायची, पावसात रुसायची. गाडी टिकते की नाही हे लोकांना दाखवायला लांब पल्ल्याच्या चाचण्या घेतल्या जात. एडिंबरा अँड डिस्ट्रिक्ट मोटर क्लबने १९०९ साली अशी पाच दिवसांची चाचणी घेतली. १९११पासून ती सहा दिवसांची झाली आणि ‘स्कॉटिश सिक्स डेज ट्रायल’ या नावाने अजून चालू आहे. आता तिचा मुक्काम उत्तरेला डोंगरातल्या फोर्ट विल्यमला असतो. तिकडे यॉर्कशरमध्ये मोटारसायकली बनवणाऱ्या आल्फ्रेड अँगस स्कॉटने १९१४मध्ये आपल्या कामगारांनाच आव्हान दिलं, की शिप्लीच्या कारखान्यातून निघा आणि माळरानं, ओढे तुडवत बर्न्सॉल गावापर्यंत गाड्या नेऊन दाखवा. त्याच्या नावाची स्कॉट ट्रायलही अजून भरते.

हळूहळू गाड्या सुधारल्या. बंद पडेनात. मग वाटा आणखी वाईट निवडल्या जाऊ लागल्या आणि चाचणी यंत्रावरून सरकत सरकत माणसावर आली. दगडधोंड्यांचा एक तुकडा फिती लावून आखायचा, त्याला म्हणायचं सेक्शन, आणि तिथे एक निरीक्षक उभा करायचा. त्याचं काम फक्त मोजणं. पाय टेकला की एक. दोनदा टेकला की दोन. तीन वेळा किंवा त्याहून जास्त, तर तीन. गाडी अडकली किंवा फितीबाहेर गेली तर पाच. ज्याचे गुण सगळ्यात कमी तो जिंकला. शून्य मिळालं तर म्हणायचं, सेक्शन ‘क्लीन’ गेला.

मला हा नियम पहिल्यांदा वाचला तेव्हाच आवडला होता. बहुतेक खेळांत तुम्ही काय केलंत ते मोजतात. इथे तुमचं काय चुकलं ते मोजतात, आणि मोजणारा माणूस दोन हातांवर उभा असतो. (सॉफ्टवेअरमध्ये आम्ही याला टेस्टिंग म्हणतो. आमच्याकडेही मोजणारा माणूस फारसा कुणाचा लाडका नसतो.)

इथून गोष्ट जाते कॅटलोनियात. बार्सिलोनाच्या आसपास तेव्हा मोंतेसा आणि बुल्ताको या दोन मोटारसायकल कंपन्या होत्या. बुल्ताकोने उत्तर आयर्लंडचा सॅमी मिलर हा नामी ट्रायल्सपटू आपल्याकडे ओढला, त्याच्याकडून गाडी घडवून घेतली, आणि त्याच गाडीवर तो १९६५ची स्कॉटिश सिक्स डेज जिंकला. इंग्रजी गाड्यांची सद्दी संपायला तिथून सुरुवात झाली. कॅटलोनियात मग ट्रायल्सचं वेडच पसरलं. मोंतेसात गाड्यांच्या चाचणीचं आणि सुधारणेचं काम पाहणारा पेरे पी हा स्वतः पट्टीचा चालक होता. त्याचा मुलगा ओत, जन्म १९७०चा. मोटारसायकल चालवायचं वय नाही आणि बाप तर रोज दगडांवरून गाडी नेतोय. पोरगं काय करेल? सायकल घेऊन त्याच दगडांवर गेलं.

तिथल्या लोकांनी या प्रकाराला नाव दिलं ‘त्रियालसीन’. स्पॅनिशमध्ये ‘सीन’ म्हणजे ‘विना’, इंजिनाविना ट्रायल. मोंतेसाने मुलांसाठी ‘मोंतेसीता’ नावाच्या सायकली काढल्या आणि पुढे पेरे पीने ‘माँटी’ हा स्वतःचा ब्रँड उभा केला. ओत पुढे अनेकदा जगज्जेता झाला. जगभरच्या सायकल ट्रायल्सची वीस इंची चाकं ही मुळात लहान मुलांच्या सायकलची चाकं आहेत, आणि तिचे नियम हे मोठ्या माणसांच्या मोटारसायकलचे. बापाची नक्कल करणाऱ्या पोराचा खेळ १९८६मध्ये यूसीआय या आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेच्या जागतिक स्पर्धांत गेला.

आता सायकलींकडे येतो, कारण माझं खरं प्रेम तिथे आहे.

नियम सांगतो पाय टेकू नको; मग त्या नियमाला धरून यंत्र कसं कसं बदलत जातं ते बघा. स्पर्धेच्या सायकली दोन प्रकारच्या. वीस इंची चाकांची ‘मॉड’, म्हणजे मुद्दाम बदललेली. आणि सव्वीस इंचीची ‘स्टॉक’, म्हणजे दुकानातल्या माउंटन बाइकच्या जवळची. असं नावापुरतंच. प्रत्यक्षात दोन्ही सायकली रस्त्यावरच्या सायकलीपासून पार दूर गेल्या. सीट आधी छोटी झाली, मग खाली गेली, शेवटी गायबच. बसायचंच नसेल तर वजन कशाला? आजची स्पर्धेची सायकल आठेक किलो भरते. साध्या सायकलवर पायडलचा आस, दुकानदार ज्याला बीबी म्हणतात तो, चाकांच्या आसांपेक्षा थोडा खाली असतो. इथे तो उचलून काही सेंटिमीटर वर नेला. त्यामुळे पुढचं चाक उचलणं आणि नुसत्या मागच्या चाकावर, जागच्या जागी टुणटुण उड्या मारत तोल धरणं सोपं जातं. हँडल पुढे आणि उंच. गिअर एकच आणि हलका: मॉडला पुढे १८ दाते, मागे १२, स्टॉकला पुढे १८, मागे १५. कॅल्क्युलेटर काढून बघा, चाकाच्या आकाराने गुणलं की दोन्हींचं उत्तर जवळजवळ सारखं येतं. पाय तेच, तर जोरही तोच लागणार.

त्याहून भारी गोष्ट फ्रीव्हीलची. आपल्या साध्या सायकलवर पायडलला जोर दिला की ते आधी थोडं रिकामं फिरतं, मग चेन पकडते. रस्त्यावर हे जाणवतही नाही. पण तुम्ही ओल्या दगडाच्या कडेवर मागच्या एका चाकावर उभे आहात आणि समोरच्या दगडावर झेप घ्यायचीय, तेव्हा तेवढी रिकामी गिरकी म्हणजे थेट खाली. म्हणून ट्रायल्सच्या फ्रीव्हीलला ७२ जागी पकड असते, म्हणजे दर पाच अंशांना. पुढे १०८वाली आली, म्हणजे साधारण सव्वातीन अंशांना.

आणि ब्रेक! चाक जिथे थांबवलंय तिथेच थांबलं पाहिजे, केसभरही सरकता कामा नये. म्हणून हे लोक नवीकोरी रिम घेऊन तिच्या कडांवर ग्राइंडर फिरवत, ती खरखरीत करत, आणि वर डांबर चोळत. खरंखुरं डांबर. मग ब्रेक दाबला की गाढव ओरडल्यासारखा आवाज येई. मी जुन्या स्पर्धांचे व्हिडिओ कान देऊन ऐकतो ते याच आवाजासाठी. ओल्या-चिखलाच्या जागी रिमवरचा ब्रेक दगा देतो, म्हणून नॅचरलवाले डिस्क ब्रेककडेही वळले, पण त्या गाढवाची आठवण काढणारे खूप आहेत.

या साऱ्या इंजिनिअरिंगचा हेतू एकच: दोन मिनिटं, एक प्रयत्न, आणि त्या एका प्रयत्नात चूक नको.

स्ट्रीटची सायकल उलट्या बाजूने विचार करते. शहरात निरीक्षक नसतो, फिती नसतात. पायरी जमली नाही तर मागे जा आणि परत ये. इथे बीएमएक्स आणि स्केटबोर्डवाल्या पोरांचे संस्कार मिसळले: हवेत पूर्ण गोल फिरणं, उलटं चालवणं, वेगात येऊन उडी. चाकं मधल्या मापाची, चोवीस इंची. बीबी खाली आणली, म्हणजे माणूस सायकलच्या वर न राहता सायकलच्या आत उभा असल्यासारखा होतो आणि वेगात ती थरथरत नाही. फ्रेम जाड, वजन दहा-अकरा किलो, ब्रेक डिस्कचे. शंभर वेळा आपटून एकशे एकाव्या वेळी टिकली पाहिजे, ही तिची अट. आणि सीट परत आली. बसायला ती इतकी खाली आहे की गुडघे कानाशी येतील. पण ती आहे.

या सीटवर मी बराच विचार केलाय. कारणं वेगवेगळी सांगतात, पण मला वाटतं तिचं खरं काम बघणाऱ्यासाठी आहे. बिनसीटच्या सायकलवर कुणी दीड मीटर उंच दगडावर चढला तर आपल्याला वाटतं, हे काहीतरी खास यंत्र असणार. सीट असली की वाटतं, अरे, ही तर सायकल! अशी माझ्याकडेही आहे. (माझ्याकडे नव्हती, रूममेटकडे होती.) स्ट्रीटवाल्यांनी स्पर्धकांची टिंगलही केली: तुमचं तेच ते, चाक टेकवून चढणं, फटीवरून उडी, बाजूला उडी, बस. ती तीन इंग्रजी नावं जोडून ‘टीजीएस’ असा शब्दच पडला. स्पर्धकांचं उत्तर असं, की तुम्ही हे पहिल्याच फटक्यात करून दाखवा.

हेच ते. स्पर्धेत चूक मोजली जाते. व्हिडिओत चूक कापली जाते. दोन सायकली या दोन हिशेबांतून घडल्यात. दगड आणि पायऱ्या त्यांच्यानंतर येतात.

तीन वर्षांपूर्वी कामानिमित्त सहा आठवडे एडिंबऱ्याला होतो. पहिल्याच शनिवारी जुन्या घरांच्या रस्त्यांनी हिंडलो. भाल्याच्या टोकांची काळी कुंपणं त्या शहरात गल्लोगल्ली आहेत. एकापाशी थांबून गजाच्या टोकावर तळहात ठेवला. तळहात मोठा, टोक छोटं, आणि एका गजापासून दुसऱ्या गजापर्यंत नुसती हवा. टायर दोन-सव्वादोन इंचांचा असेल, पण तोल धरायला हाताशी एवढंच. एक बाई कुत्र्याला घेऊन चालल्या होत्या, त्यांनी माझ्याकडे बघून न बघितल्यासारखं केलं. त्या रात्री तो व्हिडिओ पहिल्या सेकंदापासून पाहिला. पडणं ठेवलंय त्याने. कापता आलं असतं, पण त्याच्यापासूनच सुरुवात केलीय. दहा वर्षांपूर्वी माझ्याच बोटाने मी ते कापत होतो.

कापलेल्या गोष्टींची किंमत किती असते हे मार्टिन अ‍ॅश्टनच्या गोष्टीत दिसतं. ब्रिटिश ट्रायल्समधलं हे फार मोठं नाव. स्पर्धेत जगज्जेता झालेला, मग गावोगाव प्रात्यक्षिकं करणारा. २०१२मध्ये त्याने ‘रोड बाइक पार्टी’ हा व्हिडिओ काढला. त्यात तो महागड्या कोल्नागो रेसिंग सायकलवर, त्या काडीसारख्या टायरांवर, ट्रायल्सचे सगळे प्रकार करतो. सीटची युक्ती त्याने टोकाला नेली, असं म्हणा. पुढच्या वर्षी दुसरा भाग चालू असताना सिल्व्हरस्टोनच्या ट्रॅकवर एका प्रात्यक्षिकात तो सुमारे तीन मीटरवरून पडला आणि कमरेखाली अधू झाला. उरलेला व्हिडिओ डॅनी मॅकॅस्किल आणि ख्रिस अ‍ॅक्रिग यांनी पूर्ण केला. तो मी पाहिला आहे, एकदाच. त्यात एका माणसाच्या जागी दुसरा सायकलवर येतो तो क्षण गमतीचा वाटावा असाच बेतलेला आहे. अ‍ॅश्टन नंतर खास बैठक बसवलेल्या सायकलवर मित्रांसोबत पुन्हा डोंगर उतरला, २०१५मध्ये. तो व्हिडिओ मात्र मी पुष्कळदा पाहतो.

गेल्या पंधरा वर्षांत या दोन पंथांनी घरांची अदलाबदल केलीय, आणि त्याची गंमत मला एडिंबऱ्यातच लक्षात आली. यूसीआयच्या ट्रायल्स स्पर्धा वर्षानुवर्षं डोंगरात, माउंटन बाइकच्या जागतिक स्पर्धेच्या सोबतीने व्हायच्या; २००७मध्ये तर त्या फोर्ट विल्यमलाच होत्या, म्हणजे मोटारसायकलवाल्यांच्या अंगणात. २०१७पासून त्या शहरी सायकलिंगच्या जागतिक स्पर्धेत गेल्या. पहिली चीनमधल्या चंग्दूला झाली. शहरात दगड ट्रकने आणायचे, ओंडके, काँक्रीटचे पाइप रचायचे, खुर्च्या मांडायच्या. गुणही बदलले. आता एका सेक्शनमध्ये सहा गेटं. प्रत्येक पार केलं की १० गुण, सगळी केली की ६०. जास्त गुणवाला जिंकतो. बघायला आलेल्या माणसाला हे झटकन कळतं. पण निरीक्षकाची ती जुनी, थोडी खडूस मोजणी मागे सरली याचं मला वाईट वाटतं. काय जमलं ते सगळेच मोजतात हो.

आणि ज्याने शहर गाजवलं तो डॅनी? तो २०१४मध्ये आपल्या बेटावर, स्कायला, परत गेला. तिथल्या क्युलिन डोंगराच्या धारेवर माउंटन बाइक नेली, खांद्यावर टाकून ‘इनअ‍ॅक्सेसिबल पिनॅकल’ हा सुळका चढला आणि वर सायकलसकट उभा राहिला. त्या ‘द रिज’ व्हिडिओत दगडांशिवाय काही नाही. शेवटी तो काटेरी तारेच्या एका कुंपणावरून कोलांटी घेतो. स्पर्धेची सायकल शहराच्या चौकात आणि स्ट्रीटवाला डोंगराच्या धारेवर. तू कुठे चालवणार, या प्रश्नाचं आता काय करायचं?

परत आल्यावर मी जुनी माउंटन बाइक घेतली. ट्रायल्सची सायकल इथे सहज मिळत नाही, आणि मिळाली तरी माझी लायकी नाही. सीट शेवटच्या खाचेपर्यंत खाली केली. रात्री दहानंतर सोसायटीच्या पार्किंगमध्ये, दोन खांबांच्या मधल्या पट्ट्यात, जागच्या जागी तोल धरायचा सराव करतो. पायऱ्यांचं नाव काढलेलं नाही. वॉचमन काका पहिले काही दिवस लांबून बघायचे. मग एकदा विचारलं, “दादा, हे नक्की काय करताय?” मी सांगितलं. पाय टेकला की एक, हा नियमही सांगितला.

“म्हणजे मोजायला कोणीतरी पायजे,” ते म्हणाले, आणि खुर्ची घेऊन आले.

ते अजिबात सूट देत नाहीत. बुटाचं टोक नुसतं घासलं तरी मोजतात. मी म्हणालो की ते टेकलं नव्हतं, तर वहीत व्हिजिटरच्या नोंदी करतात त्याच पेनाने फरशीवरची खूण दाखवतात. काल पाच मिनिटं लावली होती. गजर वाजला तेव्हा मी मनात चार धरले होते.

“सात,” काका म्हणाले.